ओल दिसेपर्यंत

कुंदन कोळीने ग्रुपवर टाकलेल्या फोटोत ओली लादी होती, भिंतीला टेकवून ठेवलेली एक मोठी काच होती, आणि खाली लिहिलं होतं: ‘कामोठ्याच्या दयाराम घरत यांनी बनवलेले फिशटँक कुणीही घेऊ नका. सांध्यात उकलतात. आमच्या खालच्या घराचं सीलिंग खराब झालं.’

हा ग्रुप जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा. पनवेलपासून उरणपर्यंतची माणसं त्यात आहेत. सोफे, सायकली आणि लहान मुलांचे पाळणे यांच्या मधोमध माझ्या वडिलांचं नाव होतं. ते हिवाळ्यात गेले. त्यांचा टँक मी जूनच्या अखेरीस कुंदनला विकला होता, आणि त्याला अजून फार दिवस झाले नव्हते.

आईने फोटो बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला.

“पैसे देऊन टाक त्याचे,” ती म्हणाली. “गेलेल्या माणसाच्या वस्तूवरून तंटा नको.”

“पैसे दिले की त्याने लिहिलेलं खरं ठरेल.”

“मग काय, कोर्टात जाणार?”

“रोडपालीला जाणार, त्याच्या घरी. सांधा बघणार.”

“तुला काय कळतं सांध्यातलं?”

“बाबांनी शिकवलंय.”

“मला नाय कधी शिकवलं.”

“तू त्या सिलिकॉनच्या आंबट वासाने शेजारी जाऊन बसायचीस.”

“बसायचे. शेजारीण चहा तरी द्यायची. तुझा बापूस काचेपुढे बसला की हाकेला ओ देत नव्हता.” एवढं बोलून तिने टॉवेलची घडी घातली, मोडली, आणि पुन्हा घातली.

बाबा मिठागरवाल्यांच्या घरातले. मिठागरं गेली, बंदर आलं, आणि बाबांनी बंदरात क्रेन चालवली. निवृत्त झाल्यावर ते फिशटँक बनवू लागले. काच कापून आणायची, कडा घासायच्या, काच स्पिरिटने पुसायची आणि सिलिकॉनने जोडायची. मला वाटतं, आयुष्यभर उंचावरून जड पेट्या हलवलेल्या माणसाला हातात मावेल असं काहीतरी करायचं होतं. पण हे माझं वाटणं. त्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मासे बघायला बरे वाटतात.

कामोठ्यात त्यांचे टँक बरेच आहेत. एक दाताच्या डॉक्टरांकडे, एक सलूनमध्ये आरशाखाली, एक शिकवणीच्या वर्गात शेवटच्या बाकामागे. कुंदनने लिहिलेलं खरं असेल तर हे सगळे टँक पाण्याने भरलेले, मुलाबाळांच्या डोक्याशी उभे होते, आणि ते बनवणारा आता दुरुस्तीला येणार नव्हता. मग दारोदार जाऊन सांगणं माझ्याकडे आलं असतं की माझ्या वडिलांचं काम कच्चं होतं, हा रिकामा करा. तेही मी केलं असतं. पण त्याआधी ते खरं आहे का, हे मला कळायला हवं होतं, आणि पैसे परत करून ते कळणार नव्हतं.

बाबांची एक पद्धत होती. टँक तयार झाला की तो काठोकाठ भरायचा, खाली वर्तमानपत्र पसरायचं, आणि गिऱ्हाईक आलं की त्याला त्या कागदावर हात ठेवायला लावायचं. कागद कोरडा लागला तरच टँक घराबाहेर जायचा. कुणी ‘काका, तुमच्यावर विश्वास आहे’ म्हटलं की ते म्हणायचे, “विश्वास असू दे, पण हात कागदावर ठेव.”

मी विकला तो आमच्या स्वतःच्या हॉलमधला टँक. बाबा गेल्यावर मासे देऊन टाकले आणि तो बाल्कनीत कोरडा पडून राहिला. कुंदन टेम्पो घेऊन आला तेव्हा मी म्हणाले होते, भरून दाखवते. तो म्हणाला, “राहू दे ना ताई. दयारामकाकांचा टँक, त्यात काय बघायचं?” आई आतल्या खोलीत होती. तो टँक पुन्हा भरलेला बघायची तिची तयारी नव्हती. माझीही नव्हती. मी आग्रह केला नाही.

रविवारी दुपारी मी रिक्षा करून रोडपालीला गेले.

दार कुंदननेच उघडलं. तो उरणकडच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. पस्तिशीचा, बोलायला नीट. मला बघून त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं. हॉलमध्ये लोखंडी स्टँड रिकामा उभा होता आणि त्याच्या शेजारी निळ्या पिंपात मासे फिरत होते. सोफ्यावर एक म्हातारे गृहस्थ पाय वर घेऊन बसले होते.

“हे माझे वडील,” कुंदन म्हणाला. “उरणजवळ मोऱ्याला असतात. गुडघ्यांच्या उपचारांसाठी इकडे आणलंय. बाबा, ही टँकवाल्या काकांची मुलगी.”

“बस, बाय,” जगनकाका म्हणाले. “पाय जपून टाक. लादी अजून सुकली नाय.”

कुंदनची बायको मनस्वी पाणी घेऊन आली. “मासे वाचले बघा सगळे,” ती म्हणाली. “बाबांनी लादीवरून हाताने उचलले. आयुष्यभर समुद्रात मासे धरले, घरात धरायची पहिलीच वेळ.”

“आन एक बी मेला नाय,” जगनकाका म्हणाले. “धंद्याच्या मानानं नुकसानच.”

कुंदन हसला नाही. “ताई, पैशांचं बोलायचं असेल तर बोलू.”

“पैशांचं शेवटी. काचा ठेवल्यात ना?”

“ठेवल्यात. पुरावा आहे तो.”

“म्हणूनच विचारलं.”

काचा बाल्कनीत होत्या. एकही फुटली नव्हती. पुढची मोठी काच तळापासून सुटून बाहेर आली होती, बाकीचा सांगाडा तसाच होता. जवळ जाण्याआधी मी थांबले.

“कुंदन, बघण्याआधी एक ठरवू. सिलिकॉन काचेवरून सालीसारखं निघालं असेल आणि खालची काच गुळगुळीत असेल, तर जोडताना काच नीट पुसलेली नव्हती. मग चूक बनवणाऱ्याची. तसं निघालं तर तुमच्या पोस्टखाली मी स्वतः लिहीन की हे खरं आहे. पण सिलिकॉन मधूनच फाटलं असेल, थोडं या काचेला आणि थोडं त्या काचेला राहिलं असेल, तर त्याने शेवटपर्यंत धरलं होतं. मग कारण दुसरीकडे शोधायचं.”

“पण ताई,” मनस्वी म्हणाली, “पेपर काढणार तुम्ही आणि तपासणार पण तुम्हीच.”

“नाही. तुम्ही तपासा. मी इथे उभी राहते.”

तिने नवऱ्याकडे बघितलं, मग ओढणी खोचून खाली बसली आणि तळाच्या कडेवरून नख फिरवायला लागली. माझा हात कठड्यावर होता. मी तो तिथेच ठेवला.

“इथे दोन्हीकडे चिकटलंय,” ती म्हणाली. “फाटलंय. इथे पण. हे तर निघतच नाय, रबर आहे का काय आहे. इथे पण फाटलंय.”

कुंदनही वाकला. त्याने उभ्या कडा बघितल्या, दोन्ही. सिलिकॉनचे ओरबाडल्यासारखे तुकडे दोन्ही काचांना घट्ट धरून बसले होते. तो एका तुकड्याला चिमटीत धरून ओढत होता आणि तो तुटत होता, पण काच सोडत नव्हता.

“आणि हे काय?” मनस्वीने कोपऱ्याजवळ बोट थांबवलं. “इथे फाटलेलं नाय. एकदम सरळ आहे. पट्टी लावून कापल्यासारखं.”

मी खाली बसले. डाव्या कोपऱ्यात, तळाशी, सिलिकॉनला आतून एक सरळ, स्वच्छ काप गेला होता. तो कशाचा आहे हे मला बघताक्षणी कळलं.

“तुम्ही टँक भरण्याआधी घासला होता का? ब्लेड वगैरे लावून?”

“घासायचं काय त्याच्यात?” कुंदन म्हणाला. “शोरूममधून आणल्यासारखा चकाचक होता.”

“मग हा काप माझा आहे.”

मी सांगितलं. आमच्याकडचं पाणी जड आहे, काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो. बाबा तो जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचे, काचेला धातू कधी लावायचे नाहीत. ग्रुपवर फोटो टाकायचा म्हणून मला टँक लखलखीत करायचा होता. त्यांचं कार्ड सापडलं नाही, तेव्हा मी ब्लेड घेतलं. कोपऱ्यातला थर निघत नव्हता, म्हणून जोर लावला.

“म्हणजे काकांची चूक नाय?” कुंदनने विचारलं.

“नाही. बनवण्यात काही चूक नाही. माझी आहे.”

तो भांडायच्या तयारीने उभा होता आणि आता हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. मी उठले. मला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं विचित्र होतं, कारण आत्ताच मी स्वतःला दोषी ठरवलं होतं. पण सलूनमधला टँक, डॉक्टरांकडचा टँक, बाकांमागचा टँक, सगळे जागच्या जागी उभे राहू शकत होते.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती.

“एवढ्याशा कापाने टँक एकदम उकलत नाही,” मी म्हणाले. “तो आधी पाझरतो. कोपरा ओला झाला असेल. कधी दिसलं?”

मनस्वीने कुंदनकडे बघितलं. कुंदनने स्टँडकडे.

“काय दिसलं नाय,” तो म्हणाला.

“दिसलं,” आतून सोफ्यावरून आवाज आला.

“बाबा, तुम्ही राहू द्या.”

“काय राहू दे? ती सोताचं सोता सांगते, आन आमी तोंडाला कुलूप लावून बसाचं?”

आम्ही आत आलो. जगनकाकांनी पाय खाली सोडले आणि मला समोरच्या खुर्चीवर बसायची खूण केली.

“भरला त्याच सांजंला कोपरा ओला लागला,” ते म्हणाले. “हा बोलला, बाबा, गलतंय, खाली करू. मी बोललू, येडा हायस का? लाकडाची होरी चार महिने वालूवर पडली का तिच्या फल्या सुकतान. सांद्यांना फटी पडतान. मंग पान्यात ढकलली का ती पयले पानी घेतेच. नवशी मान्सं घाबरतान आन वर वढतान. घाबराचं नाय. तिला पान्यातच ठेवाची. फल्या पानी पितान, फुगतान, आन सांदं आपोआप बसतान. तुमचा टँक पन सुका पडलेला ना?”

“हो, काका. उन्हाळाभर. बाल्कनीत.”

“तेच. मी बोललू, अजून भर, पार वरपर्यंत. वजन आलं का लवकर बसंल.”

“आणि मी भरला,” कुंदन म्हणाला.

“आणि मी तीन दिवस कोपऱ्याला फडकं लावून पिळत बसले,” मनस्वी म्हणाली. “मला वाटत होतं, काच कशी फुगेल? पण घरात दोन कोळी. मी आपली कामोठ्याची शेतकऱ्यांची.”

“मंग बोलाचं व्हतं.”

“बोलले की. तुम्ही म्हणालात, तुला होरीतलं काय कळतं.”

“ते खरंच हाय,” जगनकाका म्हणाले. “होरीतलं तुला कलत नाय.”

मला हसू आलं. घरातलं माणूस गेल्यानंतर हसू येतं तेव्हा आपण आधी इकडेतिकडे बघतो, तसं मी बघितलं. म्हातारे स्वतःच हसत होते.

“ठीक आहे,” मी म्हणाले. “मग असं बघा. ओल दिसेपर्यंत जबाबदारी माझी. मी कापलेला सांधा विकला, आणि भरून न दाखवता विकला. ओल दिसल्यावर जबाबदारी तुमची. त्याच संध्याकाळी मला फोन केला असता तर मी टँक परत घेऊन गेले असते, आणि खाली थेंबही गेला नसता.”

“पण ताई, काप नसता तर ओलच आली नसती,” कुंदन म्हणाला. “मूळ तर तुमच्याकडेच आहे ना?”

हा मुद्दा बरोबर होता आणि मी त्याला तसं म्हणाले. “म्हणून टँकचे पैसे सगळे परत. त्यात मी घासाघीस करणार नाही. पण खालचं सीलिंग ओलीने गेलेलं नाही. अख्खं पाणी एकदम सुटल्याने गेलं. ते थांबवणं तुमच्या हातात होतं. मला तर इथे काय चाललंय ते माहीतही नव्हतं.”

“बरोबर बोलतायत त्या,” मनस्वी म्हणाली.

“तू कोणाच्या बाजूने आहेस?”

“खालच्या कुमुदताईंच्या. त्यांचं सीलिंग आधी रंगवून द्या, मग काय ते भांडा. रोज जिन्यात मला भेटतात त्या, तुम्हाला नाय.”

जगनकाका हात गुडघ्यांवर फिरवत ऐकत होते. “आमच्या घरात जुनी होरी इकली,” ते म्हणाले, “का इकनारा पयल्या फेरीला आत बसतो. घेनाऱ्यासंगं. माजा बापूस बसाचा, मी पन बसलेलू हाय. पानी आलं तर दोगं उपसतान. मंग इकनारा खोटं बोलत नाय, आन घेनारा मागारी बोंबलत नाय. तू पयल्या पान्याला हतं बसाला पायजे व्हतीस, बाय.”

“हो, काका.”

“आन ह्यानं तुला बोलवाला पायजे व्हतं.”

“बोलवायला पाहिजे होतं,” कुंदन म्हणाला. “सीलिंगचं मी बघतो.” मनस्वी चहा ठेवायला आत गेली तेव्हा त्याने मला पुन्हा बाल्कनीत बोलावलं.

“पोस्टचं काय करायचं?” त्याने हळू आवाजात विचारलं.

“मी लिहिते. तुम्ही सगळे ऐका, मग टाकते.”

“ताई, एक रिक्वेस्ट आहे. बाबांचं तेवढं घालू नका. ग्रुपवर मोऱ्याची माणसं आहेत. जगन कोळी काचेला लाकूड समजला म्हणून चिडवतील. अजून लोक त्यांना फोन करून विचारतात, होडीचं हे कसं करू, ते कसं करू. तेवढंच राहिलंय त्यांना.” तो थांबला. “पोस्ट टाकताना पण डोक्यात तेच होतं. कुणाची तरी चूक आहे असं लिहायचं होतं, आणि...”

“आणि माझे वडील वाचणार नव्हते.”

त्याने मान खाली घातली. “सॉरी, ताई.”

त्याने असं का केलं ते मला लगेच समजलं. माफ करायला चहा होईपर्यंत वेळ लागला. तो वेळ मी त्या काचांकडे बघण्यात घालवला.

चहा झाल्यावर मी फोनवर लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं:

‘कुंदन कोळी यांनी घेतलेला टँक माझे वडील दयाराम घरत यांनी बनवला होता. त्याचे सांधे आम्ही सगळ्यांनी मिळून तपासले. ते पक्के आहेत. एका कोपऱ्याचं सिलिकॉन मी, त्यांची मुलगी भावना, टँक साफ करताना ब्लेडने कापलं आणि टँक भरून न दाखवता विकला. ती चूक माझी. गळती दिसल्यावर टँक वेळेत रिकामा झाला नाही. ती जबाबदारी टँक विकत घेणाऱ्यांची, आणि त्यांनी ती मान्य केली आहे. दयाराम घरत यांचे टँक ज्यांच्याकडे आहेत त्यांनी घाबरू नये. काचेला ब्लेड मात्र लावू नये. कुणाचा टँक कोरडा पडला असेल तर भरण्याआधी मला बोलवा, मी येऊन बसेन.’

“चांगलं आहे,” मनस्वी म्हणाली.

“चालेल,” कुंदन म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हलकेच मान डोलावली.

जगनकाका डोळे मिटून ऐकत होते. ते उघडून म्हणाले, “माजं नाव कुटं हाय?”

“तुमचं नाव घालायची गरज नाही, काका.”

“तुज्या बापाचं किती येला आलं?”

“दोनदा.”

“तो तर हतं नाय. त्याला कोन काय बोललं तर फिरून बोलाला पन नाय. मी हतं धडधडीत बसलेलू हाय, च्या पितू. मंग माजं का नाय?”

“बाबा, लोक हसतील,” कुंदन म्हणाला.

“हसू दे. मोऱ्याला गेलू का तोंडावर हसून दाखवू दे.” त्यांनी बशी खाली ठेवली. “घाल, बाय. दोन म्हातारे हाईत. एकाचंच नाव कशाला?”

मी कुंदनकडे बघितलं. तो वडिलांकडे बघत होता. मग त्याने खांदे सैल सोडले आणि मला म्हणाला, “घाला, ताई. ऐकणार नाय ते.”

मी त्या वाक्यात लिहिलं: ‘गळती दिसल्यावर टँक वेळेत रिकामा झाला नाही, कारण तो लाकडी होडीसारखा फुगून आपोआप बसेल असं जगन कोळी यांना वाटलं.’ आणि वाचून दाखवलं.

“मोऱ्याचे जगन कोली,” ते म्हणाले. “नुसते जगन कोली लय हाईत.”

मी ‘मोऱ्याचे’ घातलं आणि पाठवलं. कुंदनने आपला फोन काढला, ग्रुप उघडला, बोटाने वर वर जात स्वतःची पोस्ट शोधली आणि काढून टाकली.